दुसऱ्याच्या उड्डाणांत आपला वाटा

हौस या शब्दाला आमच्या समाजांत पूर्वीपासून फारशी प्रतिष्ठा नाहीं. 'हौसेला मोल नाहीं' असें आपण म्हणतों खरें; पण त्या म्हणण्यांत कौतुकापेक्षां कानउघाडणीच अधिक असते. विद्यार्थ्यानें अभ्यास करावा, गृहस्थानें संसार पाहावा, आणि या दोहोंतून वेळ व पैसा उरलाच तर हौस करावी, असा मध्यमवर्गीय घरांचा शिरस्ता आहे. त्यांतहि गाण्याची, नाटकाची, फार तर गड चढण्याची हौस लोक समजूं शकतात. परंतु जें काम आपल्या हातून या जन्मीं होण्याचा संभव नाहीं, आणि ज्याच्याशीं आपला व्यावहारिक संबंध कांहींएक नाहीं, त्याची हौस बाळगणारा मनुष्य दिसला कीं शेजारीपाजारी गालांतल्या गालांत हंसतात. अंतराळप्रवासाची हौस ही या जातीची आहे.

ही हौस असलेलीं माणसें आज पुण्यांत थोडीं नाहींत. आमच्या कोथरुडांत तर अशीं घरें आहेत कीं, जेथें भिंतीवरच्या कालनिर्णयावर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारीं पुढल्या उड्डाणाची तारीख लिहिलेली असते. श्रीहरिकोटा येथें २०१९ सालीं सामान्य नागरिकांना उड्डाण पाहण्यासाठीं प्रेक्षागार खुलें झालें. तेव्हांपासून लांबचा रेल्वेप्रवास करून तेथें जाणारे, आणि ढगांत शिरणारा तो ज्वाळेचा ठिपका मिनिट-दोन मिनिटें डोळे भरून पाहून परत येणारे लोक आपल्यांत आहेत. अठ्ठावीस फेब्रुवारीस, राष्ट्रीय विज्ञानदिनीं, गणेशखिंडींतील आयुका संस्थेचे दरवाजे सर्वांना उघडतात; तिकडे खोडद येथें, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या त्या महाकाय रेडिओ-दुर्बिणीच्या परिसरांत, विज्ञानप्रदर्शन भरतें; आणि दोन्ही ठिकाणीं ही मंडळी मुलाबाळांसह हजर असते. कोणी घरच्या संगणकावर यान चालविण्याचें सिम्युलेटर, म्हणजे अनुकरण-यंत्र, मांडून रात्री जागवितो. स्पेसएक्स कंपनीनें २०२० सालीं आपलें यान अंतराळ-स्थानकाला जोडण्याचा असाच एक खेळ सर्वांसाठीं खुला केला, तेव्हां किती घरांत जेवणाचीं पानें थंड झालीं असतील तें गृहिणींनाच ठाऊक! ज्यांच्यापाशीं पैसा आहे ते परदेशीं जाऊन विमानाच्या विशिष्ट उड्डाणांत वीस-पंचवीस सेकंदांची वजनरहित अवस्थाहि अनुभवून येतात.

पुण्याला हें वेड नवें नाहीं. येथील ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजीं स्थापन झाली; हौशी आकाशनिरीक्षकांची ती आपल्या देशांतील सर्वांत जुनी संस्था होय. टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्यें १९५४ सालीं तारांगण उभें राहिलें, म्हणजे मनुष्यानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडण्याच्या तीन वर्षें आधीं. आणि २२ जून २०१६ रोजीं येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं घडविलेला 'स्वयं' नांवाचा, एक किलोग्रॅमच्या आंतबाहेर वजनाचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून खरोखरच कक्षेंत गेला. आधींच्या कित्येक तुकड्यांनीं त्यावर श्रम केले, आणि पदवी घेऊन त्या निघून गेल्या. उड्डाणाचा दिवस पाहण्याचें भाग्य महाविद्यालयांत मागाहून आलेल्यांच्या वांट्यास आलें.

तथापि एवढ्यानें मूळ प्रश्न सुटत नाहीं. शेंकडों हौशी माणसांतून एखादाच 'स्वयं' घडविणाऱ्यांपैकीं निघतो. बाकीच्यांचें काय? जें दुसऱ्यानें केलें त्याचा आनंद मानणें, जें दुसऱ्यानें भोगलें त्याची घरबसल्या नक्कल करणें, यांत कांहीं नैतिक मोल आहे काय? दुसऱ्याच्या उड्डाणांत आपला वाटा कोणता, आणि तो घ्यावयाचा तर त्याबरोबर कोणतें देणें आपल्या माथीं येतें? या प्रश्नाचा येथें थोडा विचार करूं.

हौशी मनुष्यावर सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, त्याचें सुख खोट्या वस्तूवर उभें आहे. यंत्रांत बसून डोलणें म्हणजे उडणें नव्हे. दुसरा असा कीं, त्याचा अभिमान उसना आहे. चंद्रावर यान उतरविलें कोणी आणि पेढे वाटतो कोण! तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. तो असा कीं, वर पाहणाऱ्याला जवळचें दिसेनासें होतें.

पहिला आक्षेप घेऊं. अनुकरणाविषयींचा वाद आपल्याकडे फार जुना आहे. नाट्यरसाची चर्चा करितांना श्रीशंकुकानें चित्रांतील घोड्याचा दाखला दिला होता. चित्रांतला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असें म्हणतों; तें ज्ञान खरें नव्हे, खोटें नव्हे, संशयहि नव्हे आणि नुसतें सादृश्यहि नव्हे; तें एक निराळेंच ज्ञान आहे. पुढें अभिनवगुप्तानें या मताचें खंडन केलें, तरी तो चित्रतुरग आजहि आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे. सिम्युलेटरमध्यें बसलेला मनुष्य आपण उडत आहों असें मानीत नाहीं, आणि उडत नाहीं असेंहि त्या क्षणीं मानीत नाहीं. तर मग या चित्रांतल्या घोड्यापासून त्याला मिळतें काय?

येथें दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. वजनरहित अवस्थेचेंच उदाहरण घ्या. पुष्कळ सुशिक्षितांची समजूत अशी असते कीं, अंतराळ-स्थानकापर्यंत गुरुत्वाकर्षण पोंचत नाहीं, म्हणून तेथें माणसें तरंगतात. वस्तुस्थिति उलट आहे. स्थानक सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर फिरतें, आणि तेथें पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या शेंकडा नव्वदच्या जवळपास असते. स्थानक आणि त्यांतील माणसें सतत पडतच असतात. केवळ ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें तीं पुढेंहि जात असल्यामुळें त्यांचें पडणें पृथ्वीच्या गोलाईला चुकवीत राहतें. आतां विमान कमानीसारख्या मार्गानें वर नेऊन खालीं आणतात, तेव्हां त्या वीस-पंचवीस सेकंदांत आंतील माणसेंहि अगदीं तशींच पडत असतात. म्हणजे ती नक्कल नव्हेच. ती तीच वस्तु आहे, फक्त अल्पकाळ टिकणारी. तिला खोटी म्हणणें म्हणजे ओंजळींतलें पाणी नदीचें नव्हे असें म्हणण्यासारखें आहे.

दुसरा प्रकार घरच्या संगणकावरील सिम्युलेटरचा. तेथें शरीराला कांहींच जाणवत नाहीं. खुर्ची जागची हलत नाहीं आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसत असतात. परंतु येथें निराळेंच कांहीं हातीं लागतें. आपल्या पुढें, त्याच कक्षेंत, स्थानक चाललें आहे. त्याला गांठावयाचें आहे. नवशिका अर्थातच वेग वाढवितो, आणि आश्चर्य असें कीं तो मागें पडूं लागतो! कारण वेग वाढतांच यान वरच्या, लांबच्या कक्षेंत जातें आणि फेरी पुरी करावयास त्याला अधिक वेळ लागतो. पुढच्याला गांठावयाचें तर आधीं वेग कमी करून खालच्या कक्षेंत उतरावें लागतें. पुस्तकांतून हा नियम दहा वेळां वाचला तरी तो डोक्यावरून जातो. सिम्युलेटरमध्यें तीन वेळां फजिती झाली म्हणजे तो हाडीं मुरतो. चित्रांतला घोडा कोणाला पाठीवर घेत नाहीं हें खरें. पण घोडा कोणत्या नियमानें पाय टाकतो हें त्यानें शिकविलें, तर त्याला खोटा कोणत्या तोंडानें म्हणावें?

शिवाय जे खरोखर उडतात तेहि आपला बहुतेक काळ अनुकरणांतच घालवितात. गगनयानासाठीं निवडलेले आपल्या वायुदलाचे चार अधिकारी २०२० आणि २०२१ सालीं रशियांतील गागारिन केंद्रांत शिक्षण घेत होते. त्यांपैकीं शुभांशु शुक्ला हे जून २०२५ मध्यें प्रथम अंतराळांत गेले. कित्येक वर्षांची तालीम आणि वीस दिवसांचा प्रवास, असें हें प्रमाण आहे. एप्रिल १९७० मध्यें अपोलो-१३ यान वाटेंत निकामी झालें, तेव्हां थंड पडलेलें यान पुन्हा जागें कसें करावें याचा क्रम जमिनीवरच्या अनुकरण-यंत्रांत बसूनच पारखला गेला, आणि तिघांचे प्राण वांचले. तेव्हां अनुकरण म्हणजे असत्य, हें समीकरण टिकत नाहीं.

मात्र एक भेद राहतोच, आणि तो झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. नील आर्मस्ट्राँग मे १९६८ मध्यें चंद्रावर उतरण्याचा सराव ज्या यंत्रांत करीत होता, तें हवेंत बिघडलें आणि त्याला आसनासह बाहेर फेकून घेऊन जीव वांचवावा लागला. त्याची नक्कलहि प्राणावर बेतणारी होती. आमच्या हौशी गृहस्थाचें यान चंद्रावर आपटलें तर तो चहा घेऊन पुन्हा बसतो. ज्ञान दोघांनाहि मिळतें. परंतु एकाच्या ज्ञानामागें परत न येण्याची शक्यता उभी आहे, दुसऱ्याच्या मागें नाहीं. हा भेद विसरून 'आम्हींहि उडून पाहिलें आहे' असें जो म्हणतो, त्याची हौस दंभाच्या उंबरठ्यावर आली असें समजावें. ज्याला सिम्युलेटरनें उलट असें शिकविलें कीं, 'मला खुर्चींत बसून जें साधलें नाहीं तें त्यांनीं मृत्यु शेजारीं असतांना साधलें', त्याला नक्कल फळली. नकलेचें खरें फळ आदर हें आहे.

आतां उसन्या अभिमानाचा आक्षेप. याचें उत्तर शोधावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आषाढी एकादशीस पंढरपुरांत लाखों वारकरी जमतात. त्यांतील कित्येकांना गाभाऱ्यांत पाऊल टाकतां येत नाहीं. ते कळसाला हात जोडतात आणि माघारीं फिरतात. त्यांची वारी फुकट गेली असें कोणी म्हणत नाहीं. कारण त्यांचा वाटा त्यांच्या चालण्यांत आहे. २०२५ सालची आषाढी ६ जुलै रोजीं होती. त्या दिवशीं शुक्ला हे स्थानकांत होते, आणि येथें पावसाळी आभाळामुळें स्थानकाचा तो चालता ठिपका बघण्याची आशा बाळगून गच्चीवर जाणारे बहुधा विन्मुखच परतत होते. त्यांना कळससुद्धां दिसला नाहीं! तरीहि त्यांचा वाटा नव्हता असें आम्ही म्हणणार नाहीं; फक्त एवढेंच विचारूं कीं, त्यांचें चालणें कोणतें?

हौशी मनुष्याचें चालणें दोन प्रकारचें असूं शकतें. एक म्हणजे समजून घेण्याचे कष्ट. त्याविषयीं वर लिहिलेंच आहे. दुसरें म्हणजे अपयशांत सोबत. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटेपूर्वीं चांद्रयान-२ च्या विक्रम या अवतरणयानाशीं संपर्क तुटला, तेव्हां चंद्रपृष्ठ अवघें दोन किलोमीटर उरलें होतें. त्या रात्रीं जे जागे होते त्यांतील कांहीं दूरदर्शन-संच बंद करून झोंपीं गेले, आणि सकाळीं पैशाच्या अपव्ययाविषयीं बोलूं लागले. दुसरे कांहीं असे होते कीं ज्यांनीं पुढची चार वर्षें त्या अपयशाचीं कारणें वाचलीं, इतरांना समजावून सांगितलीं, आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळीं सहा वाजून चार मिनिटांनीं चांद्रयान-३ उतरलें तेव्हां ज्यांच्या डोळ्यांस पाणी आलें. त्याच वर्षीं महिन्याभरांत गणपति आले आणि ठिकठिकाणच्या मंडळांनीं चांद्रयानाचे देखावे उभे केले. पुठ्ठ्याच्या त्या यानांपुढें सर्वांनींच टाळ्या वाजविल्या. तो आनंद सर्वांचा होता आणि असावाहि. परंतु पेढ्यावर हक्क कोणाचा असें कोणी विचारलें, तर आमचें उत्तर असें कीं, ज्यानें २०१९ ची रात्र पुरी जागून काढली त्याचा. अपयशाचा वाटा घेतला असेल तर यशाचा वाटा उसना राहत नाहीं.

परंतु या सोबतीलाहि एक मर्यादा आहे, आणि येथें आपण तिसऱ्या आक्षेपाकडे येतों. प्रेमळ सोबत आणि आंधळी सोबत यांत अंतर असतें. ज्या वर्षीं, ज्या ऑगस्टांत पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, त्याच्या पुढच्याच महिन्यांत, ८ सप्टेंबर १९४४ रोजीं, लंडनवर पहिलें व्ही-२ अग्निबाण पडलें. त्या अग्निबाणाचा वंश शोधीत गेलें तर आपण एका हौशी मंडळाच्या दारांत येऊन पोंचतों. १९२७ सालीं जर्मनींतील कांहीं उत्साही माणसांनीं अंतराळप्रवासासाठीं एक मंडळ स्थापिलें. ते सभा भरवीत, व्याख्यानें देत, १९३० पासून बर्लिनच्या एका पडक्या जागेंत लहान अग्निबाण उडवीत. त्यांच्यांत वेर्नर फॉन ब्राउन नांवाचा एक तरुण विद्यार्थी होता. सैन्यानें पैसा देऊं केला, आणि तरुणानें तो घेतला. त्याला जावयाचें होतें चंद्राकडे; त्याचें यंत्र पडलें माणसांच्या वस्तीवर. तें यंत्र जमिनीखालच्या कारखान्यांत ज्या कैद्यांकडून करवून घेतलें, त्यांतील हजारों माणसें उपासमारीनें, रोगानें आणि मारहाणीनें मेलीं. पुढें याच फॉन ब्राउननें अमेरिकेसाठीं तो प्रचंड अग्निबाण घडविला, ज्यानें १९६९ सालीं मनुष्याला चंद्रावर नेलें.

'काळच तसा होता' असें म्हणून येथें सुटतां येत नाहीं. त्याच मंडळाच्या आरंभींच्या सभासदांपैकीं विली ले हा एक लेखक होता. त्याचीहि हौस तेवढीच उत्कट होती. परंतु १९३५ सालीं तो जर्मनी सोडून निघून गेला, आणि उरलेलें आयुष्य त्यानें सामान्य वाचकांना अंतराळविद्या समजावून देण्यांत घालविलें. एकाच गच्चीवरून दोघांनीं एकच चंद्र पाहिला असें म्हटलें तरी चालेल. पण शिडी कशावर टेकविली आहे हें एकानें पाहिलें, दुसऱ्यानें पाहिलें नाहीं. हौसेला नीति नसते असें नाहीं. हौसेपाशीं नीति आपोआप येत नाहीं, एवढेंच खरें.

आमच्या कोथरुडच्या निरुपद्रवी गृहस्थाला एवढी भारी गोष्ट कशाला सांगावी, असें कोणी म्हणेल. परंतु टाळ्या वाजविणाऱ्याचेंहि एक सामर्थ्य असतें. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया यान परतीच्या वाटेवर फुटलें आणि कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळीं फेंसाचा एक तुकडा पंखावर आदळला होता, आणि त्याविषयीं कांहीं अभियंत्यांस काळजीहि वाटत होती. पुढें चौकशी-मंडळानें या अपघाताचा दोष जितका त्या तुकड्याला दिला, तितकाच शंका दडपणाऱ्या संस्थेच्या वळणालाहि दिला. जेथें चाहत्यांना केवळ यशाच्या वार्ता हव्या असतात, तेथें कामकऱ्यांनाहि शंका बोलून दाखविणें जड जातें. म्हणून ज्याचें खरें प्रेम आहे त्यानें विचारावें: हें उड्डाण सुरक्षित आहे काय? याचा खर्च कोण देतो? याचें फळ कोणाला मिळणार? असे प्रश्न विचारणारा चाहता हा शत्रु नव्हे. तो घरचा मनुष्य आहे.

आणि जवळचें देणें याहूनहि सोपें आहे. कोथरूड हें एके काळीं शेतांमळ्यांचें गांव होतें. आज वेताळ टेकडीवरून रात्रीं पाहिलें तर खालीं दिव्यांचा समुद्र पसरलेला दिसतो आणि वरचे तारे मोजके उरतात. तरी अंतराळ-स्थानक या उजेडालाहि न जुमानतां दिसतें. संधिप्रकाशांत एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर चार-पांच घरचीं माणसें जमतात, कोणी पश्चिमेकडे बोट दाखवितो, आणि एक स्थिर तेजाचा ठिपका न लुकलुकतां, न आवाज करितां, पांच-सहा मिनिटांत आभाळ ओलांडून जातो. त्यांत माणसें राहत आहेत, त्यांच्या दिवसाला पंधरा-सोळा सूर्योदय होतात, हें ऐकून मुलें गप्प होतात. हें दृश्य पाहावयास तिकीट लागत नाहीं, यंत्र लागत नाहीं. पण त्या गच्चीवर इमारतीच्या रखवालदाराचा मुलगा आला आहे काय? धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या मुलीला कोणी हांक मारली काय? परदेशच्या महागड्या अनुभवावर खर्च करणाऱ्याला आम्ही दोष देत नाहीं. त्याचा पैसा, त्याची हौस. परंतु आभाळ हें कोणाच्या मालकीचें नसतांना त्याकडे जाणारा जिनाच फक्त कांहीं घरांपुरता ठेवणें, हा अन्याय लहान असला तरी अन्यायच होय. दुर्बीण मालकापुरतीच राहिली कीं ती शोभेच्या कपाटांतली वस्तु बनते.

दुसऱ्याच्या उड्डाणांत आपला वाटा आहे. पण तो भाग्यानें मिळालेला नसून कमावावयाचा आहे. जो नियम समजून घेतो, नकलेला नक्कल म्हणतो, अपयशाच्या रात्रीं उठून जात नाहीं, शिडी कोणाच्या खांद्यावर टेकली आहे तें पाहतो, आणि शेजारच्या मुलाला गच्चीवर जागा देतो, त्याची हौस ही हौस राहूनहि एक प्रकारची उपासना होते. बाकीच्यांसाठीं ती करमणूक आहे. आणि करमणुकीलाहि संसारांत स्थान असतेंच. कोथरुडच्या गच्च्यांवर या दोहोंपैकीं कोणती चालली आहे, हें पुढचें उड्डाण यशस्वी झालें तर कळणार नाहीं. फसलें तर दुसऱ्या दिवशीं सकाळींच कळेल.